कड नसलेलं तळं

"ह्याला कड कुठं हाय?"

भिंतीवर नुकतंच लावलेलं चित्र तात्यांनी आधी ओसरीच्या पायरीवरून पाहिलं. मग चष्मा पुसून अगदी जवळ जाऊन पाहिलं, परत पायरीपर्यंत मागं सरकले आणि हे विचारलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सत्तरी ओलांडली आहे. लोह्याजवळच्या आमच्या शिवारात सहा एकर काळी जमीन, एक विहीर, लाल कंधारी बैलांची जोडी आणि एक गाय, एवढा त्यांचा पसारा. मी लोह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना दाखवायला म्हणून क्लोद मोनेच्या एका चित्राची मोठी छापील प्रत मागवली होती. दिवाळीची सुट्टी लागली तशी ती गुंडाळून घरी आणली.

मूळ चित्र १९०६ सालचं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, छापलेलंच पाहिलं आहे. त्यात पाणी आहे. पाण्यावर पसरलेली हिरवी-निळसर पानं आहेत, पानांमधून वर आलेले पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके आहेत आणि उरलेल्या जागेत झाडाझुडपांची, आभाळाची पडछाया. काठ नाही, झाडाचं खोड नाही, क्षितिज नाही.

"कड काढलेलीच नाही त्यानं, तात्या. मुद्दाम."

"मुद्दाम? आगं, कड नाही तर पाणी किती हाय ते कळावं कसं? गुडघाभर हाय का पुरुसभर, काही अंदाज येत नाही."

"पाणी किती, हे त्याला सांगायचंच नव्हतं."

"मंग पाणी काढलं कामून?"

सुट्टीचे चार दिवस या प्रश्नात गेले. कधी गोठ्यात, कधी जेवताना, कधी ज्वारीच्या बांधावर. मी शिकवायच्या सवयीनं बोलत होते आणि तात्या त्यांच्या सवयीनं मधेच कामाला उठून जात होते.

मी सांगितलं, की मोनेनं आधी कड काढली होती. त्यानं स्वतःच्या बागेत तळं खोदून घेतलं, त्याच्यावर जपानी घाटाचा लाकडी पूल बांधला आणि १८९९ साली तो पूल परत परत रंगवला. त्या चित्रांत पूल आहे, झाडं आहेत, तळ्याची मागची बाजू आहे. पुढे पूल गेला. १९०४च्या चित्रांत काठाची एक पट्टी वरच्या अंगाला उरली. मग तीही गेली. माणूस चालत चालत काठाशी येतो, वाकतो, आणि मग त्याला पाण्याशिवाय काही दिसत नाही, तसं झालं. "आभाळसुद्धा त्यानं पाण्यातच बघितलं," मी म्हटलं. "वर बघायची गरजच ठेवली नाही."

"आमाला वर बघावं लागतंय, माय," तात्या म्हणाले. "मृग कोरडा गेला की वरच बघत बसावं लागतंय."

आणि मग त्यांनी बांधाची गोष्ट काढली. ती मी लहानपणापासून ऐकली आहे, पण कुठल्या चित्राच्या संदर्भात कधी ऐकली नव्हती. १९७२चा दुष्काळ. तात्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. आमच्या शिवारातल्या पाझर तलावाचं काम तेव्हा निघालं. तात्या, माझी आजी आणि गावातली बहुतेक घरं त्या कामावर होती. पुरुषांनी खोदायचं, बायकांनी पाट्या वाहायच्या. कामावर सुकडी मिळायची. घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकर, जी थापली की तडकायची आणि खाल्ली की पोटात बसून राहायची. मुकादम माप घ्यायला यायचा तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकायचे, कारण माप कमी भरलं की मजुरी कमी.

"ते तळं म्हणजे काय? बांध हाय," तात्या म्हणाले. "पाणी तर आभाळानं दिलं. आमी काय केलं? कड केली. आन् तू मला सांगायलीस, कड काढायची गरज नाही म्हणून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कलेच्या पुस्तकांत मोनेनं क्षितिज काढून टाकलं याचं मोठं कौतुक असतं, आणि मला ते कौतुक मान्य आहे. पाश्चात्त्य निसर्गचित्रात माणूस एका जागी उभा राहून समोरचं जग जवळचं-लांबचं असं लावून घेत आला होता. मोनेनं ती उभं राहायची जागाच काढून घेतली. पण ज्यानं पाटी-पाटीनं ती जागा रचली, त्याला हे कसं दिसेल, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्यांनीच विषय काढला. "तळं त्याच्या रानात कुठून आलं? झरा व्हता?"

मी सांगितलं. पॅरिसच्या वायव्येला नॉर्मंडीच्या सीमेवर जिव्हर्नी नावाचं खेडं आहे. मोने तिथं १८८३ला भाड्यानं राहायला आला. १८९०ला ते घर त्यानं विकत घेतलं. घरासमोरून रेल्वेचा रूळ जात होता. रुळापलीकडचा जमिनीचा तुकडा त्यानं १८९३ला घेतला, कारण तिथून एप्त नदीचा एक लहानसा फाटा वाहत होता. त्या फाट्याचं पाणी वळवून तळं करायचं म्हणून त्यानं सरकारकडे अर्ज केला. गावकऱ्यांनी हरकत घेतली.

"काय म्हणून?"

"ह्यो परदेशी झाडं लावणार, त्यानं पाणी नासणार. खालच्या अंगाला तेच पाणी गुरं पितात, बायका धुणं धुतात. विष होईल म्हणाले."

"बरोबर हाय त्यायचं."

"बरोबर कसं, तात्या? फुलंच होती ती. काही झालं नाही पुढं."

"पुढचं पुढं. त्या टायमाला त्यायला काय माहीत? ह्यो बाहेरून आलेला माणूस. शेती करत नाही. दिवसभर छत्री लावून बसतंय. आन् वरच्या अंगाला पाणी वळवायलाय. माह्या बैलायचं पाणी कुणी वळवलं तर मी बी उभा राहीन."

आमच्याकडे लाल कंधारी जनावर नुसतं जनावर नसतं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल उभा करायचा तर आठ-आठ दिवस आधी त्याला धुतात, शिंगं साळतात. असा माणूस पाण्याची गोष्ट ऐकताना आधी जनावराचं पाणी ऐकतो. मी मुलांना शिकवताना जिव्हर्नीच्या गावकऱ्यांचा हा किस्सा हसत हसत सांगायची. बघा, एवढ्या थोर चित्रकाराला लोकांनी कसा त्रास दिला, अशा सुरात. पुस्तकांतही तो साधारण तसाच येतो. तात्यांसमोर तो सूर लागेना.

"तिथं पाण्याची टंचाई नव्हती," मी म्हटलं. "बाराही महिने थोडा थोडा पाऊस असतो. आणि पाणी तो काही पिऊन टाकणार नव्हता. एका बाजूनं आत घ्यायचं, दुसऱ्या बाजूनं परत सोडायचं. ओढ्याचं पाणी थंड आणि वाहतं, त्यात ही फुलं येत नाहीत. पाणी जरा थांबावं, उन्हानं तापावं, एवढ्यासाठी."

"फुलासाठी पाणी थांबवायचं."

"हो."

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझी चुलतबहीण, तात्यांची लेक, लातूरला दिलेली आहे. त्या उन्हाळ्यात ती लेकरांना घेऊन इकडे येऊन राहिली होती, इथंही विहिरीला तळ दिसत होता तरी. ज्या मुलखात शंभरेक किलोमीटरवरच्या शहराला पाण्याची गाडी लागते, तिथं फुलांसाठी अडवलेल्या पाण्याचं चित्र भिंतीवर लावायचं, याला काय म्हणावं?

पण हे तात्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. "परदेशी झाडं म्हणजे कोणची?"

तर मी लातूर-मार्लियाकची माहिती सांगितली. नावात लातूर ऐकून तात्यांनी मान वर केली. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात या नावाचा एक रोपवाटिकावाला होता. युरोपातल्या थंडीत तग धरणारी कुमुदिनी पांढरीच असायची. यानं तिचा इतर देशांतल्या जातींशी संकर करून पिवळी, गुलाबी, लाल फुलं काढली आणि १८८९च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली. आयफेल टॉवर उभा राहिला तेच प्रदर्शन. मोनेनं रोपं त्याच्याकडूनच मागवली.

"म्हणजे हायब्रीड," तात्या म्हणाले.

"हायब्रीडच."

"मंग गावानं भ्यायलाच पायजे. आपल्याकडं हायब्रीड ज्वारी आली तवा माह्या आज्यानं कणगीत पडू दिली नाही. जनावर कडबा खात नाही म्हणायचा, माणसाला बी बाधती म्हणायचा. मंग समद्यायनं तीच पेरली."

"म्हणजे भीती खोटीच निघाली की."

"ज्वारीची खोटी निघाली. पण जलपर्णीची?"

मी गप्प झाले. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. तिची जांभळी फुलं इतकी देखणी, की लोकांनी ती शोभेसाठीच देशोदेशी नेली, आणि आज नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभं राहिलं तर कधी कधी नदी आहे की हिरवं रान, ते कळत नाही. तात्या गुरुद्वाऱ्याला गेले की नदीवर जातात. त्यांनी ते पाहिलं आहे. बाहेरून आलेलं सुंदर फूल पाण्याचा जीव घेऊ शकतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगायला नको. मोनेच्या कुमुदिनींनी एप्त नदीचं काही बिघडवलं नाही हे खरं. पण तसं होणार नाही हे १८९३ साली त्या गावकऱ्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि मोनेलाही नव्हता. मोने चिडला, पत्रापत्री झाली, त्याच वर्षी परवानगी मिळाली. पुढे १९०१ला त्यानं आणखी जमीन घेऊन तळं वाढवलं. परवानगी मिळाली म्हणून आपल्याला ती चित्रं मिळाली, आणि ती नसती तर मी फार मोठ्या आनंदाला मुकले असते. तरीही विचारणाऱ्या गावाची बाजू आता मला हसण्यावारी नेता येणार नाही. वर्गात हा भाग मी आता दुसऱ्या तऱ्हेनं सांगणार आहे.

मोनेबद्दल तात्यांचं मत जरा बदललं ते एका अनपेक्षित गोष्टीनं. मी सांगत होते, की बागेत सहा माळी होते आणि त्यांतला एक फक्त तळ्याचा. तो पहाटे होडीतून निघायचा, वाळलेली पानं काढायचा, शेवाळ काढायचा, फुलांचे झुबके मोनेला पाहिजेत तेवढेच राखायचा. आणि पानांवरची धूळ धुवायचा, कारण कुंपणाबाहेरचा रस्ता कच्चा होता, मोटारी सुरू झाल्या होत्या, आणि उडालेली धूळ पानांवर बसायची. शेवटी मोनेनं स्वतः पैसे घालून त्या रस्त्यावर डांबर टाकून घेतलं.

"सोताचे पैसे?"

"स्वतःचे."

"माणूस कामाचा हाय मंग."

नांदेड-लातूर रस्त्याचं काम चालू होतं त्या वर्षी रस्त्याकडेची आमची तूर धुळीनं राखाडी झाली होती. फुलोऱ्यात आलेली तूर. तात्या रोज सकाळी जाऊन बघायचे आणि परत यायचे. पानावर धूळ बसली की पान श्वास घेत नाही, हे त्यांचं वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. मोनेला पानाच्या श्वासाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला पानावरचा प्रकाश हवा होता. पण पान पुसायला माणूस ठेवणं आणि रस्ता डांबरी करणं ही तात्यांना समजणारी भाषा होती. ज्याला पान मळलेलं बघवत नाही, त्याचं ऐकून घ्यायला हरकत नाही, एवढी जागा त्यांनी त्याला दिली.

युद्धाच्या मुद्द्यावर मात्र आमचं जमलं नाही, अजून जमलेलं नाही. मी मोठ्या उत्साहानं सांगत होते. १९१४ला महायुद्ध पेटलं. त्याच्या आदल्या तीन वर्षांत मोनेची बायको गेली होती, थोरला मुलगा गेला होता. घरातली तरणी पोरं लढाईवर गेली. आणि हा चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी मोठी चित्रशाळा बांधून त्याच तळ्याची भिंतीएवढी चित्रं करायला बसला. इतकी माणसं मरत असताना आपण रंग आणि आकार शोधत बसलोय याची लाज वाटते, असंही त्यानं पत्रात लिहिलं. पण थांबला नाही. युद्धविराम झाला ११ नोव्हेंबर १९१८ला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं आपला मित्र, पंतप्रधान क्लेमान्सो याला कळवलं की माझी चित्रं देशाला द्यायची आहेत. ती आज पॅरिसच्या ऑरांजरीमध्ये आहेत. दोन लंबगोल दालनं, आठ चित्रं, दोन मीटर उंच, सगळी मिळून जवळजवळ ९१ मीटर लांब.

तात्यांनी पावलांचा हिशेब केला. "सव्वाशे पावलं."

"हो. आणि बघणारा मधे उभा. चारी बाजूंनी पाणी."

"मंग ते तळं नाही. माणूस बेटावर अडकल्यावानी झालं."

"अडकलेला नाही, तात्या. लढाईत ज्यांची माणसं गेली त्यांनी तिथं येऊन गप्प बसावं, असं त्याला वाटत होतं."

"गप बसून काय हुतंय? ज्याचं पोरगं गेलं त्याला रानात काम पायजे. हातं चालले पायजेत. माही माय, तुही आजी, दुष्काळात दोन लेकरं गेली तिची. बसली का ती? पाटी उचलली."

मी म्हटलं, तिला बसायला मिळालं असतं तर? तात्या म्हणाले, मिळालं नाही. मी म्हटलं, तेच तर म्हणतेय. ते म्हणाले, तेच मी बी म्हणायलोय. दोघंही एकच वाक्य बोलत होतो आणि दोघांचे अर्थ वेगळे होते. त्या रात्री जेवणं मुकाट झाली.

मला अजूनही वाटतं की माझं बरोबर आहे. पाण्याकडे नुसतं बघत बसणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हे मी मानत नाही. आमच्या मुलखात माणूस पाण्याकडे बघतो ते मोजायला. तलावाची पातळी किती, विहिरीला परस किती, लिंबोटीचं धरण भरलं का, टँकर कधी येणार. हे मोजणं जगण्यासाठी लागतंच. पण मोजणं संपल्यावर, तळं भरलेलं असताना, आश्विनातल्या एखाद्या सकाळी कुणी बांधावर बसून पाण्याकडे विनाकारण पाहिलं तर त्याला रिकामटेकडा म्हणायचं, ही दुष्काळानं आपल्यावर लादलेली आणखी एक उणीव आहे. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासून जगत्तुंग समुद्र आहे. एका तलावाला समुद्र म्हणणारी माणसं याच मातीतली. पाणी नुसतं मोजलं असतं तर ते नाव सुचलं नसतं.

हे सगळं मी तात्यांना म्हणून दाखवलं नाही. त्यांनीच तिसऱ्या दिवशी, गाईची धार काढता काढता, एक गोष्ट बोलून माझी पंचाईत केली.

मी वर्गातलं सांगत होते. स्मरणचित्राच्या पेपरात नदी, विहीर, पाणवठा काही आलं की पोरं बाटलीतला निळा रंग सरळ ओततात. ज्याचं पाणी निळं नाही असा एकही मुलगा सापडत नाही. मोनेचं चित्र त्यासाठीच आणलं होतं, की बघा, यात पाण्याचा म्हणून वेगळा रंग नाहीच. जे त्याच्यावर पडलं तो त्याचा रंग.

"आपलं पाणी कवा निळं असतंय?" तात्या म्हणाले. धारेचा आवाज चालूच होता. "मिरगात येतंय ते चहावानी. काळ्या रानातलं आलं तर काळसर, मुरमाडातलं आलं तर तांबडं, दोन्ही वेगळे वेगळे येतेत आन् मधी रेघ दिसती, दुपारपस्तोर. पोळ्याला जरा निवळतंय, तवा हिरवट. दसरा-दिवाळीला आरशावानी, सकाळी बघितलं तर पांढरं, खाली वाकून बघितलं तर काळं. संक्रातीला वारा सुटला की शिशावानी. होळीच्या पुढं शेवाळ धरतंय. आन् शेवटाला जे डबकं राहातंय ना, त्याच्यावर तेलावानी तवंग येतंय, सात रंगाचं."

सांगून झालं तसं त्यांनी तांब्या उचलला आणि आत गेले. मी गोठ्यातच बसून राहिले.

मोने एका वेळी कितीतरी फलक मांडून बसायचा. उजेड बदलला की हातातला फलक ठेवायचा, त्या उजेडाचा दुसरा उचलायचा. त्या एका तळ्याची सुमारे अडीचशे तैलचित्रं त्यानं केली. तेवढं पाहणं मला थोर वाटतं, कारण ते भिंतीवर लागलं. तात्यांनी एका पाझर तलावाला पन्नास वर्षं पाहिलं आहे, महिन्यामहिन्याला, मृगापासून होळीपर्यंत. दोन रंगांच्या पाण्यामधली ती रेघ मी जन्म इथं काढून एकदाही पाहिलेली नाही. म्हणजे माझा वाद चुकीच्या माणसाशी चालला होता. मोजणाऱ्याला दिसत नाही, असं मी धरून चालले होते.

डोळ्यांवरूनही बोलणं निघालं. मोनेला १९१२ला मोतीबिंदू असल्याचं निदान झालं, पण शस्त्रक्रियेला तो फार घाबरला. दहा वर्षं काढली. रंग ओळखू येईनात म्हणून नळ्यांवरची नावं वाचून रंग घ्यायचा. त्या काळातली पुलाची चित्रं लाल-तपकिरी, पेटल्यासारखी आहेत. शेवटी १९२३ला, ब्याऐंशी वर्षांचा असताना, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मग त्याला सगळीकडे निळं दिसायला लागलं. तो हैराण झाला, रंगीत काचांचे चष्मे लावून पाहिले.

"मला बी दिसलं," तात्या एकदम म्हणाले. त्यांची दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया नेत्रशिबिरात झालेली. "पट्टी सोडली तवा डॉक्टरचं पांढरं कापड निळं दिसलं. घरी आलो, चुन्याची भिंत निळी. मला वाटलं सुनेनं नीळ जास्त टाकली. कुणाला सांगितलं नाही, म्हटलं डोळा बिघडला म्हणतील." मग थोड्या वेळानं, "त्याला बी तसंच झालं म्हण की."

मोतीबिंदूत भिंग पिवळं-तपकिरी होत जातं, ते निळा उजेड अडवतं. भिंग काढलं की वर्षानुवर्षं न दिसलेला निळा एकदम आत येतो. मी हे समजावून सांगितलं. तात्या ऐकत होते, पण नजर भिंतीवरच्या चित्राकडे होती.

"हे फूल कितीला उमलतंय तिकडं?"

"सकाळी. नऊ-दहाला उमलतं, दुपारनंतर मिटतं."

"मंग हे दिवस वर आल्यावरचं चित्र हाय. फुलं सताड उघडी हायेत. पडछाया लांब नाही." आणि लगेच, "हे कमळ नाही. कमळाच्या पानाला चीर नसती, त्याचं पान वर उठतंय, भाकरीच्या परातीवानी. ह्याचं पान पाण्यावर झोपलेलं हाय, देठाजवळ चिरलेलं. हे आपल्या तळ्यातलंच फूल हाय, रंग तेवढा त्यायचा."

शेवटच्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो. मी कागद, पाट, जलरंगांची पेटी घेतली होती. तात्यांनी खांद्यावर घोंगडी आणि हातात न्याहारीची थैली घेतली. तळं तुडुंब होतं. बांधाच्या उताराला लागून, उथळ पाण्यात, निळसर-पांढऱ्या फुलांच्या कळ्या मिटून उभ्या होत्या. काठाजवळ दोन बगळे. तात्या आधी सांडव्याकडे जाऊन आले, बोटभर पाणी वाहतंय म्हणाले, मग पलीकडच्या विहिरीत डोकावून आले. पाझर तलावाचं पाणी तलावात राहायला नसतं, ते जमिनीतून खालच्या विहिरींना जायला असतं. म्हणून तात्यांच्या लेखी तळं भरलं की नाही ते विहीर सांगते. विहिरीचं सांगणं समाधानकारक होतं. मग ते येऊन बसले.

आठ वाजता ऊन पाण्यावर आलं. नवाच्या सुमाराला पहिली कळी सुटली. ती उमलताना दिसत नाही. आपण ब्रश पाण्यात बुडवतो, वर बघतो, आणि ती मघापेक्षा मोठी असते. मी बांधावरून वाकून, पाणी आणि पानं आणि खालचं आभाळ तेवढं घेतलं होतं. वरच्या अंगाला पलीकडचा बांध येत होता, त्याची जागा मी कोरीच ठेवली होती. तिथंही पाणीच न्यायचं की काय करायचं, ते ठरत नव्हतं. अर्धा तास ती पांढरी पट्टी तशीच राहिली.

तात्या मागून बघत होते. एरवी ते बघत नाहीत, सांगतात. त्या दिवशी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वाकले आणि कागदाला न लावता, वरच्या कोऱ्या पट्टीच्या डाव्या टोकाकडे बोट धरलं.

"इथं माय बसायची. पाटी उपडी घालून."

मी समोर पाहिलं. पलीकडच्या बांधावर त्या जागी एक बाभूळ आहे. बाभळीची सावली पाण्यात उतरली होती आणि तिच्यात तीन फुलं उमललेली होती.

"सावलीला?" मी विचारलं.

"तवा बाभूळ नव्हती. उनात बसायची."

मी ब्रश धुतला आणि काळ्या मातीचा रंग घोटायला घेतला.